मोत्याने वीज का नाकारली?

घरात कशाचाच आवाज नव्हता. फ्रिज गप्प, पंखे गप्प, मोटार गप्प. वादळाने विजेचे खांब आडवे केले होते आणि छतावरचे सौरपट्टे शेजारच्या आमराईत नेऊन टाकले होते. त्या शांततेत आजोबांच्या खोलीतून एक बारीकसा आवाज आला.

पिप्.

जुईचा दुधाचा पेला ओठांपाशीच थांबला. आईच्या हातातली पोळी डब्यावरच राहिली. तो आवाज मोत्याचा होता आणि त्याचा अर्थ दोघींनाही ठाऊक होता.

मोत्या म्हणजे कुत्रा नव्हे. तो होता प्राणवायू सांद्रक (हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारं यंत्र). गुडघ्याएवढा उंच, चार चाकांचा आणि थोडंफार बोलणारा. आजोबांच्या नाकाला लावलेली पारदर्शक नळी त्याच्या पोटातून यायची. आजोबा जातील तिथे तो मागून घरंगळत जायचा. म्हणून जुईने त्याचं नाव मोत्या ठेवलं. "साखळी कुणाच्या हातात आहे, तेच कळत नाही," असं आजोबा म्हणायचे. त्यांची फुप्फुसं आजाराने ताठ झाली होती. मोत्याशिवाय त्यांना फार वेळ काढता येत नसे. मोत्याच्या पाठीवर चार हिरवे मणी होते. त्याच्या पोटात किती वीज शिल्लक आहे, ते त्यांवरून कळायचं. आता एक मणी विझला होता.

"आप्पा, आपण कराडला निघतोय," आई म्हणाली. आजोबा तिचे वडील. "तिथल्या दवाखान्यात वीज आहे. गावातली रुग्णगाडी काल गेली ती परतलीच नाही, तिची वाट बघण्यात अर्थ नाही. मोत्याला गाडीच्या सॉकेटला लावू, म्हणजे वाटेत त्याचंही पोट भरत राहील."

"म्हातारी... चढेल?" आजोबांनी विचारलं. हल्ली ते दोन दोन शब्दांतच बोलायचे.

म्हातारी म्हणजे त्यांची गाडी. गेल्या दसऱ्याच्या आधी आईने ती वापरलेली, जुनी घेतली होती. पेट्रोलवर चालणारी, स्वतः काही न बोलणारी. अधूनमधून तिचे दिवे मलूल व्हायचे आणि पुन्हा ताजेतवाने व्हायचे. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली, तरी ते थांबलं नाही. जुन्या गाडीच्या सवयी असतात, असं म्हणून आईनेही सोडून दिलं.

चिपळूण मागे पडलं आणि बोगद्याचं तोंड आलं. बोगद्यातून फक्त एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्या जायच्या. मी वळतेय, मी थांबतेय, असं त्या एकमेकींना सतत कळवायच्या. फाटकावरच्या यंत्राने म्हातारीकडे दिवा फिरवून पाहिलं आणि ते गोड आवाजात म्हणालं, "हे वाहन बोलत नाही. कृपया जुन्या घाटाने जा."

"आत पेशंट आहे," आई म्हणाली.

"हे वाहन बोलत नाही. कृपया जुन्या घाटाने जा."

आईने गाडी वळवली. कुंभार्लीच्या जुन्या घाटात चिटपाखरू नव्हतं. सगळी वाहतूक खाली, डोंगराच्या पोटातून चालली होती आणि वर फक्त म्हातारी होती. वादळाच्या मागे राहिलेलं धुकं इतकं दाट, की भर सकाळी दिवे लावावे लागले. फोनला रेंज नव्हती. दोनतीन वळणं झाली असतील, तोच मागच्या सीटवरून मोत्या बोलला.

"बाहेरची वीज अस्थिर आहे. मी ती घेणार नाही."

"घे की रे," जुई म्हणाली.

"थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करीन."

त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा नकार दिला. पिप्. दुसरा मणी विझला. आईने आरशातून पाहिलं. आप्पांचे ओठ नेहमीपेक्षा काळसर दिसत होते. परत फिरावं तर घरी वीज नाही. पुढे कराड अजून लांब. इतका वेळ मोत्याच्या पोटातली वीज पुरणार नव्हती. तिने एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला.

"बॅटरी तर नवी आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. "मोत्याच बिघडला असेल."

आजोबांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी जुईकडे बोट केलं आणि विचारलं, "काय... पाहिलंस?"

आजोबा शास्त्रज्ञ होते. अवकाशात सोडायच्या उपग्रहांना नीट वीज मिळते की नाही, हे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुणी पानसुपारीची पिशवी जवळ बाळगतो, तसा ते एक छोटा मीटर बाळगायचे. आधी पाहायचं, मग बोलायचं, ही त्यांची शिस्त जुईला पाठ होती. तिने डोळे मिटून आठवलं.

"आधी पुढून घुंऽ असा आवाज होतो. मग दिवे मलूल होतात. मग मोत्या नाही म्हणतो. दर वेळी याच क्रमाने."

आजोबांनी अंगठा वर केला. "घुंऽ... पंखा."

इंजिन तापलं की ते थंड करायला पुढचा पंखा आपोआप सुरू होतो. तो भरपूर वीज खातो. म्हणजे गाडीवरचं विजेचं काम वाढलं की गडबड होत होती. धुक्यात दिवे बंद करून चालणार नव्हतं, आणि चढावर पंखा तर लागणारच होता.

आजोबांनी पिशवीतून मीटर काढला, सोबत पिवळ्या वायरचं वेटोळंही. ते उतरू शकत नव्हते. उतरण्याचा खर्च त्यांच्या श्वासाला परवडला नसता. म्हणून आईने गाडीचं इंजिन बंद केलं, बॉनेट उचललं आणि आजोबांनी काच खाली करून हुकूम सोडला.

"तनू... बांगड्या काढ. मंगळसूत्र आत."

"आत्ता?"

"बॅटरीच्या... दोन टोकांत... धातू अडकला... लाल होतो. हात भाजतो."

आईने बांगड्या काढून खिशात टाकल्या, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत सारलं. जुईची वेणी तिने दोन वेढे देऊन वर बांधली, कारण इंजिन चालू झालं की आत पट्टा फिरतो आणि फिरणारा पट्टा कुणाची वेणी ओळखत नाही. "तू फक्त आकडे वाचायचे," ती म्हणाली. "हात मी घालणार."

मीटरची लाल टोचणी बॅटरीच्या लाल टोकाला, काळी काळ्या टोकाला.

"बारा पूर्णांक सहा," जुईने वाचलं.

हा झाला विद्युतदाब (वीज पुढे ढकलणारा जोर, तो व्होल्टमध्ये मोजतात). टाकी उंचावर असली की नळाला पाणी जोरात येतं, खाली असली की मंद. विजेचंही तसंच. बारा पूर्णांक सहा म्हणजे बॅटरी भरलेली, तब्येतीने ठणठणीत.

"बघा, सगळं ठीक आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका कमी आणि धास्ती जास्त होती. सगळं ठीक असेल तर दुरुस्त काय करायचं?

"निजलेल्या माणसाची... धाप मोजतेस," आजोबा म्हणाले. "पळव. मग मोज."

आईने इंजिन सुरू केलं, दिवे लावले, काच पुसणारे हात चालू केले. थोड्या वेळात घुंऽ करून पंखाही लागला. दिवे मलूल झाले. मोत्या म्हणाला, "मी ती घेणार नाही." जुईने घाईने मीटर पाहिला.

"चौदा पूर्णांक एक. आणि हलत नाहीये."

म्हणजे जनित्रसुद्धा (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) चोख काम करत होतं. बॅटरी शहाणी, जनित्र शहाणं, आणि तरी दिवे मलूल.

"आता सॉकेट," आजोबा म्हणाले. मोत्याची वायर जिथे खुपसली होती, तिथेच शेजारी आईने टोचण्या लावल्या. मीटरचे आकडे नाचायला लागले. अकरा पूर्णांक तीन, दहा पूर्णांक आठ, मग अकराच्या आसपास.

"आजोबा, तिकडे चौदा आहे आणि इकडे अकरा. मधले तीन व्होल्ट कुठे गेले?"

आजोबा हसले. त्यांना हसायला फार हवा लागायची, तरी हसले. "हाच... प्रश्न."

पिप्. तिसरा मणी विझला. एकच उरला.

आईने आजोबांचा हात हातात घेतला. नखं निळसर झाली होती. "आप्पा, बोलू नका आता. खुणेने सांगा."

आजोबांनी बोटाने सीटवर एक गोल काढला. मग गोलाच्या अर्ध्या भागावरून बोट पुढे नेलं आणि उरलेल्या अर्ध्या भागावरून परत आणलं.

जुई त्या बोटाकडे पाहत राहिली. "जाते... आणि परत येते?"

मान हलली. हो.

विजेचं हेच तर वैशिष्ट्य आहे. ती बॅटरीतून निघते, दिव्यात किंवा मोत्यात काम करते आणि पुन्हा बॅटरीत परतते. या पूर्ण वाटेला परिपथ (विजेची जाऊन परत येणारी वाट) म्हणतात. वाट कुठेही तुटली, की वीज निघतच नाही. आणि वाट तुटलेली नसेल पण एखाद्या ठिकाणी खराब असेल, तर त्या ठिकाणी विजेचा जोर वाया जातो. अशा अडचणीला रोध (विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा) असं नाव आहे.

"पण सॉकेटला तर एकच जाड वायर येते," आई वाकून म्हणाली. "लाल. परत जाणारी वायर कुठे आहे?"

आजोबांनी गाडीच्या दारावर टकटक केलं. मग छतावर. मग पायाखालच्या पत्र्यावर.

जुईचे डोळे मोठे झाले. "गाडीच? म्हणजे परत जाणारी वायर म्हणजे ही सगळी गाडी? आपण वायरमध्येच बसलोय?"

तसंच असतं. प्रत्येक दिव्याला दोन दोन वायरी ओढण्यापेक्षा एकच वायर जाण्यासाठी ओढतात, आणि येण्यासाठी गाडीचं लोखंडी अंग वापरतात. त्या अंगातून वीज एका ठिकाणी गोळा होते आणि एका जाड काळ्या वायरीने बॅटरीत परत शिरते. गॅरेजमध्ये तिला अर्थिंगची वायर म्हणतात. बारा व्होल्टचा जोर आपल्या कोरड्या कातडीतून वीज ढकलायला फार अपुरा, म्हणून पत्र्याला हात लावून झटका बसत नाही. घरातल्या विजेचा जोर मात्र याच्या कितीतरी पट असतो, तिथे असला खेळ कधीच करायचा नाही.

"दोन वाटा," जुई म्हणाली. "एकीवर चोरी होतेय. कुठल्या वाटेवर, ते बघायचं?"

आजोबांनी पिवळ्या वायरचं वेटोळं तिच्या हातात दिलं.

मोजण्याची ही रीत साधी आहे आणि हुशारीची. मीटरची एक टोचणी वाटेच्या सुरुवातीला लावायची, दुसरी शेवटाला. वाट चांगली असेल तर मीटर शून्याच्या जवळ राहतो, कारण जोर कुठे हरवलेलाच नसतो. जेवढा आकडा दिसेल, तेवढा जोर त्या वाटेने गिळला. मात्र वाटेवरून वीज वाहत असतानाच मोजायला हवं. रिकाम्या रस्त्यावरचा खड्डा कुणालाच त्रास देत नाही.

आधी जायची वाट. आईने एक टोचणी बॅटरीच्या लाल टोकाला धरली, आणि पिवळ्या वायरने लांबवलेली दुसरी टोचणी सॉकेटच्या आतल्या टोकाला लावली. दिवे चालू, पंखा चालू.

"शून्य पूर्णांक दोन."

"तिथे नाही," आई म्हणाली.

मग यायची वाट. एक टोचणी बॅटरीच्या काळ्या टोकाला. दुसरीसाठी आईने बॉनेटच्या बिजागरीवरचा उघडा, चकचकीत स्क्रू शोधला. जुईने मीटर चेहऱ्याजवळ धरला. धुक्याने काच ओली झाली होती. तिने ती फ्रॉकला पुसली.

"दोन पूर्णांक नऊ." ती एकदम थांबली. मग बोटांवर जुळवायला लागली. "दोन पूर्णांक नऊ आणि शून्य पूर्णांक दोन, तीन पूर्णांक एक. चौदा पूर्णांक एकमधून वजा केले तर... अकरा. आई, बरोब्बर अकरा उरतात. सॉकेटमध्ये तेवढेच होते."

आईने काळ्या वायरीवरून बोट फिरवत नेलं. वायर बॅटरीच्या मागे वाकून गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने जोडली होती. तिने फोनचा उजेड पाडला. बोल्टच्या भोवती पांढरटहिरवं, खरखरीत कवच धरलं होतं, जुन्या पितळी भांड्याला डाग पडतात तसं. त्या कवचात एक तांदळाचा दाणा अडकला होता. त्याच्यावर अजून कुंकवाचा लाल रंग होता.

जुईने तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती. आजोबांनी नारळ फोडला, आईने हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग जुई म्हणाली होती, गाडीचं तोंड आत आहे, प्रसाद आत द्यायला हवा. तिने वाटीभर नारळाचं पाणी बॉनेटच्या आत ओतलं होतं. नारळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात. जोडाच्या फटीत ते झिरपलं, कोकणच्या दमट हवेने त्याला कधी वाळू दिलं नाही, आणि महिन्यामहिन्याने तांबं नि लोखंड आतून गंजत गेलं. गंज विजेला धड वाट देत नाही.

"मी केलं हे," जुई हळू आवाजात म्हणाली. "माझ्यामुळे मोत्याला..."

"नारळ... मी फोडला," खिडकीतून आवाज आला. आजोबा थांबले, श्वास गोळा केला. "बॉनेट... हिने धरलेलं. रडायच्या... पाळ्या लावू. आधी काम."

आईला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. तिने गाडीच्या हत्यारांतला पाना बोल्टवर चढवला. पाना सटकला. पुन्हा चढवला. बोल्ट गंजून जाम झाला होता, तसूभर हलेना. मागच्या सीटवर शेवटचा मणी लुकलुकायला लागला. मोत्या म्हणाला, "साठा संपत आला आहे. कृपया मदत बोलवा."

"कुणाला बोलवू?" आई म्हणाली. त्यांच्या पायाखाली, डोंगराच्या पोटात शेकडो गाड्या एकमेकींशी बोलत सुसाट चालल्या होत्या आणि वर कुणी नव्हतं.

जुई त्या बोल्टकडे पाहत होती. "आई, ही वाट खराब आहे ना? मग दुसरी देऊ या. शाळेचं मागचं फाटक अर्धं उघडून अडकलं होतं, तेव्हा बाईंनी आम्हाला बागेच्या दारातून सोडलं होतं. एकेक जण जाताना त्या अडकलेल्या फाटकाचं काहीच वाटायचं नाही. सगळी शाळा सुटली की मात्र चेंगराचेंगरी."

आई धावत डिकीकडे गेली. बंद पडलेली गाडी दुसरीच्या बॅटरीवर सुरू करायला लागतात, त्या दोन जाड केबल तिथे होत्या. म्हातारी बंद पडेल या भीतीने तिने त्या घेऊन ठेवल्या होत्या.

"काळी... फक्त," आजोबा म्हणाले. "लाल... नको."

आईने इंजिन बंद केलं. काळ्या केबलचा एक चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकावर बसवला. दुसरा कुठे? रंगावर लावून उपयोग नव्हता, कारण रंगही विजेला अडवतो. मघाचा चकचकीत स्क्रू फार लहान होता, चिमटा धरेना. मग तिला बॉनेट ज्यावर टेकतं त्या पट्टीची घासलेली, उघडी कड दिसली. प्रवासाच्या पिशवीतून तिने भांडी घासायची तारेची घासणी काढली, कड खसाखसा घासली, आतलं पांढरं लोखंड दिसल्यावर चिमटा तिथे दाबून बसवला. फिरणाऱ्या पट्ट्यापासून केबल लांब ओढली आणि ती सरकू नये म्हणून ओढणीने आवळून बांधली.

चावी फिरवली. दिवे लावले. दोघी थांबल्या. पंखा सुरू व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला, पण तो सरता सरेना.

घुंऽ.

दिवे तसेच राहिले. धुक्यात त्यांचे दोन पिवळे पट्टे ठाम उभे होते.

"तेरा पूर्णांक आठ," जुई सॉकेटपाशी मीटर धरून म्हणाली. मग कुजबुजली, "मोत्या, आता तरी घे."

मोत्याच्या आत कुठेतरी टिक् झालं.

"बाहेरची वीज स्थिर आहे. मी ती घेत आहे."

आजोबांनी डोळे मिटले. छाती वर झाली, खाली आली. आणखी एकदा. आईने त्यांची नखं पुन्हा पाहिली, आणि निळा रंग ओसरेपर्यंत ती गाडीत बसलीच नाही, दारात उभी राहिली. मग तिने चाकाखालचा दगड काढला.

म्हातारी हळूहळू चढत राहिली. घाटमाथ्यावर धुकं विरलं आणि समोर कोयनेचं खोरं दिसायला लागलं. मोत्याच्या पाठीवर दुसरा मणी लागला. आजोबांना आता तीन तीन शब्द जमायला लागले होते.

"कराडला बोल्ट बदलायचा," ते म्हणाले. "आणि वर... ग्रीस लावायचं. पाणी शिरत नाही."

"आणि पुढच्या दसऱ्याला नारळाचं पाणी बाहेरच्या बाहेर," आई म्हणाली.

जुई मीटर मांडीवर घेऊन बसली होती. तिने दोन्ही टोचण्या एकमेकींना लावल्या, शून्य आलं. दूर केल्या. पुन्हा लावल्या. आजोबांचा डोळा लागला, मोत्या मंद घोरल्यासारखा आवाज करत राहिला, तेव्हा ती पुढच्या सीटकडे वाकली.

"आई, हवा पण जाते आणि परत येते ना? मग आजोबांच्या छातीत नेमका कुठे जोर हरवतो, ते असं एक टोक इथे, एक टोक तिथे लावून शोधता येईल. प्रत्येक लहान लहान वाटेवर. आणि जी खराब आहे तिला बाजूने दुसरी वाट द्यायची."

"असं यंत्र अजून कुणी केलेलं मला माहीत नाही, बाळा."

"मग मी करते. मला आधी पुष्कळ शिकायला लागेल, ते मला माहितीये." तिने मागे वळून आजोबांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "पण आई, मला सगळं येईपर्यंत आजोबा थांबतील ना?"